वय झालं म्हणून ताट लहान करू नका
ज्येष्ठांचा आहार : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. घरोघरी म्हाताऱ्या माणसांच्या ताटातून एकेक जिन्नस काढला जातोय. बीपी म्हणून मीठ, शुगर म्हणून भात, कोलेस्टेरॉल म्हणून शेंगदाणे, गॅस होतो म्हणून डाळ, पचत नाही म्हणून दूध. प्रत्येक वेळी हेतू काळजीचाच असतो, पण काढलेल्या पदार्थाच्या जागी काय द्यायचं हे कुणी ठरवत नाही. मग उरतो मऊ भात, पातळ आमटी आणि चहा-बिस्किटं. सत्तरी ओलांडलेल्या अनेकांची खरी अडचण कमी खाण्याची आहे, असं आम्हाला ही पत्रं वाचून ठामपणे वाटतं. म्हणून पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आई ७६ वर्षांची, पुण्यात एकटी राहते. मी टोरांटोला असतो. रोज फोनवर विचारलं की "जेवले" म्हणते. पाच महिन्यांत तिचं वजन ५४ वरून ५० किलोवर आलं. नातेवाईक म्हणतात, या वयात असं होतंच. खरं आहे का?

नाही. चार किलो म्हणजे तिच्या वजनाचे सात टक्क्यांहून जास्त. ठरवून कमी केलेलं नसताना सहा महिन्यांत पाच टक्के वजन उतरलं, तर कारण शोधलंच पाहिजे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), लिव्हरच्या चाचण्या आणि छातीचा एक्स-रे एवढ्यापासून डॉक्टर सुरुवात करतील. आपल्याकडे क्षयरोग डोक्यात ठेवावाच लागतो आणि म्हातारपणी तो खोकल्याशिवायही असू शकतो. चालू औषधांची पूर्ण यादी सोबत न्या. मधुमेहाचं मेटफॉर्मिन, हृदयाचं डिगॉक्सिन अशा काही औषधांनी भूक मरते.

तोंडाकडे सहसा कुणी बघत नाही. वजन उतरलं की हिरड्या आक्रसतात, कवळी सैल होते, सैल कवळीनं भाकरी चावत नाही, म्हणून खाणं मऊ भातावर येतं आणि वजन आणखी उतरतं. कवळी दाताच्या डॉक्टरांना दाखवून नीट बसवून घेतली तर हे चक्र तिथेच तुटतं. उदासपणा आणि विसरभोळेपणा हीसुद्धा नेहमीची कारणं. भांडी करपणं, गॅस चालू राहणं, फ्रिजमध्ये तीच भाजी तीन-तीन दिवस दिसणं, अशा गोष्टी पोळीभाजीच्या बाईंच्या लक्षात आधी येतात. त्यांना फोन करून विचारा.

आईला विचारण्याचा प्रश्नही बदला. "जेवलीस का?" याला कुठलीही आई "हो" म्हणेल. "आज डाळ कोणती शिजवलीस? काल दूध किती उरलं?" असं विचारा. वाण्याच्या महिन्याच्या यादीवरूनही बरंच कळतं. नीट जेवणाऱ्या एका शाकाहारी माणसाला महिन्याला निदान सव्वा ते दीड किलो डाळी-कडधान्यं लागतात. अर्धा किलो तूरडाळ दोन महिने पुरत असेल, तर उत्तर तिथेच मिळालं.

आता स्नायूंचं. पुढच्या भेटीत किंवा व्हिडिओ कॉलवर, घरात दुसरं कुणी असताना, एक चाचणी करा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईनं हाताची घडी छातीवर घ्यायची आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पायांची ताकद कमी झाली आहे. पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपनं मोजा. आशियाई मापांनुसार बायकांत ३३ आणि पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर स्नायू झडत असल्याची शंका घ्यावी. पायावर सूज असेल तर मात्र हे माप फसवं.

स्नायू टिकवायला साठीनंतर दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे आईला ५० ते ६० ग्रॅम. आजारातून उठलेल्यांना याहून जास्त. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा, म्हणून क्रिएटिनिन आधी बघा. ही प्रथिनं दिवसभरात वाटून गेली पाहिजेत. सकाळी चहा-खारी, दुपारी थोडी आमटी आणि रात्री एकदम सगळं, यानं तेवढा उपयोग होत नाही.

आपल्याच स्वयंपाकात हे कसं बसतं ते बघा. सकाळी ४० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून दोन धिरडी आणि एक कप, म्हणजे २०० मिली दूध : साधारण १६ ग्रॅम. दुपारी एक लहान भाकरी, ३० ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण, वाटीभर दही आणि भाजीत चमचाभर शेंगदाण्याचं कूट : सुमारे १८. चार वाजता फुटाण्याचं २० ग्रॅम पीठ ताकात कालवून : ४ ते ५. रात्री ३० ग्रॅम बेसनाचं पिठलं, मऊ भात आणि झोपताना पुन्हा कपभर दूध : १५. एकूण ५३ ग्रॅमच्या आसपास, आणि यात चावायला अवघड असं काहीच नाही. भाकरीसुद्धा ताकात किंवा दुधात कुस्करता येते. अंडं चालत असेल तर एका अंड्यात ६ ग्रॅम. मासे खाणाऱ्यांना १०० ग्रॅममागे १८ ते २०.

वरण किती घट्ट, याकडे बारकाईनं बघा, कारण बहुतेक घरांत हिशोब इथेच चुकतो. चार माणसांच्या आमटीला मूठभर डाळ आणि भरपूर पाणी असेल, तर एका वाटीत जेमतेम १० ग्रॅम डाळ येते. म्हणजे प्रथिनं अडीच ग्रॅम. वर म्हाताऱ्या माणसांना "हलकं" म्हणून वरवरचं पाणी वाढतात. डाळ तळाशी बसते. पळी खालून फिरवून वाढा. डाळीनं पोट फुगत असेल तर तूर-हरभऱ्याऐवजी मूग-मसूर घ्या, चार तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि हिंग घालून पूर्ण शिजवा. दुधानं त्रास होत असेल तर बहुतेकांना दही-ताक चालतं. मेतकूट-भात-तूप हा आजाऱ्याचा उत्तम घास आहे, कारण मेतकुटात डाळीच जास्त असतात. फक्त चिमटीनं न घालता दोन मोठे चमचे घाला. नाचणीचं सत्त्व मात्र पौष्टिक म्हणून देऊ नये. भिजवून, वाटून, गाळून उरतो तो मुख्यतः पिष्टाचा साका. कोंड्याबरोबर कॅल्शियम आणि प्रथिनांचा बराच भाग जातो. अख्ख्या नाचणीच्या पिठाची आंबील करा.

डब्यातल्या प्रोटीन पावडरची गरज, वर सांगितलेलं खाणं जमत नसेल तरच. घेताना एका मापामागे प्रथिनं किती आणि साखर किती हे डब्यावर वाचा. बऱ्याच पावडरींत साखरच जास्त निघते. शिवाय हालचाल नसेल तर नुसत्या प्रथिनांनी स्नायू भरत नाहीत. वर सांगितलेली खुर्चीवरून उठबस दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. सुरुवातीला हाताचा आधार घेतला तरी चालेल.

प्रश्न : वडील ७१, शाकाहारी. बारा वर्षं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज पँटोप्राझोल चालू आहे. पायाला मुंग्या येतात, अंधारात तोल जातो. आम्ही हे शुगरमुळे समजत होतो. बी-१२ बघावं का? इडली-ढोकळ्यासारखे आंबवलेले पदार्थ वाढवून चालेल का?

बी-१२ आजच बघा, आणि कोणतीही व्हिटॅमिनची गोळी सुरू करण्याआधी बघा. गोळ्या घेतल्यावर आकडा वर जातो आणि आधी कमतरता होती की नाही हे कळायचा मार्ग बंद होतो. वडिलांच्या बाबतीत तीन कारणं एकत्र आली आहेत. शाकाहारात बी-१२ मिळतं ते फक्त दूध-दही-पनीरमधून. ते अन्नातून सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. वयानं ते कमी होतं आणि पँटोप्राझोल ते आणखी दाबतं. वर मेटफॉर्मिन आतड्यातलं शोषण घटवतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून हे हळूहळू आणि उशिरा दिसतं.

रक्तात मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता नक्की. २०० ते ३०० मध्ये असून लक्षणं असतील, तरी डॉक्टर बहुधा उपचार करतात. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून निश्चिंत राहू नका; रक्त ठीक असतानाही नसांना इजा होत असते. त्याच कारणानं नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊ नयेत : रक्त सुधारतं, नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. उपचाराला उशीर झाला तर तोल आणि स्मरणशक्ती पूर्ण परत येईलच असं नाही, म्हणून इथे थांबण्यात अर्थ नाही.

नसांची लक्षणं असताना सुरुवात इंजेक्शनांनी करतात. पुढे बहुतेकांना रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते, कारण एवढ्या मोठ्या मात्रेतला एखादा टक्का आतड्यातून आपोआप झिरपतो आणि गरज असते ती अडीच मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर. औषधाच्या दुकानातून "नसांची गोळी" मागून आणू नका. त्यात मिथाइलकोबालमिनबरोबर (हे बी-१२चंच एक रूप) अनेकदा प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन असतं; त्यानं गुंगी येते, आणि आधीच तोल जाणारा माणूस पडतो. पाकिटावरचे घटक वाचा.

इडली-ढोकळा आंबवल्यानं बी-१२ भरून निघेल इतकं तयार होत नाही. स्पिरुलिना या शेवाळातलं तर आपल्या शरीराला उपयोगीच नाही. अर्धा लिटर दूध-दही रोज घेतलं तर साधारण दोन मायक्रोग्रॅम मिळतं. चांगली सवय आहे, पण आता कमतरता भरून काढायला पुरणार नाही. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. पँटोप्राझोल अजून लागतंय का, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. कधीतरी पंधरा दिवसांसाठी दिलेली ही गोळी कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालू राहते.

प्रश्न : आईचं वय ७९, बीपी आहे. आम्ही जेवणातलं मीठ जवळपास बंद केलं, सैंधव वापरतो आणि आता कमी सोडियमचं मीठ आणलं आहे. ती हल्ली फार सुस्त असते आणि मध्येच असंबद्ध बोलते.

आधी आजच्या आज रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासा. गोंधळ वाढत असेल, झोपेतून उठवणं अवघड होत असेल किंवा झटका आला, तर सरळ रुग्णालयात न्या.

बीपीच्या गोळीच्या नावामागे "एच" असेल, तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं. हे किंवा क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड यांनी लघवीवाटे सोडियम जातं. त्यात खाणं कमी आणि मीठ बंद असेल, तर म्हाताऱ्या माणसांचं सोडियम धोकादायक पातळीवर उतरतं. सुस्ती, मळमळ, चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं ही त्याचीच लक्षणं. घरी त्याला "वय झालं" म्हणून सोडून देतात.

कमी सोडियमच्या मिठात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंड धडधाकट असलेल्याला ते चालतं. पण टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल किंवा मूत्रपिंड अधू असेल, तर पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अहवाल येईपर्यंत ते मीठ बाजूला ठेवा. रोजचं नारळपाणीसुद्धा याच कारणासाठी थांबवा. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच. बीपीच्या दृष्टीनं त्याचा काही फायदा नाही.

मीठ पूर्ण बंद करायची गरज सहसा नसतेच. मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात सगळं आलं. दोन माणसांच्या घरात महिन्याला ३०० ग्रॅम. पाव, खारी, बिस्किटं यांतून काही भाग छुपा जातोच, म्हणून स्वयंपाकाला दोघांत महिन्याला २०० ते २५० ग्रॅमचा हिशोब ठेवा. पाकिटावर तारीख लिहून ठेवली की किती संपतं ते कळतं. कात्री लावायची तर आधी पापड, लोणचं, फरसाण, सुकी मासळी यांना लावा आणि भाजी-आमटीत मीठ राहू द्या. अळणी जेवण समोर आलं की म्हातारी माणसं दोन घास खाऊन उठतात, आणि मग पहिल्या प्रश्नातली परिस्थिती येते. लिंबू, कोकम, आमचूर, लसूण, जिरेपूड यांनी कमी मिठातही चव राहते.

प्रश्न : सासऱ्यांना (८२) पाणी पिताना ठसका लागतो, जेवताना मात्र फारसा नाही. काय करावं?

जेवणापेक्षा पाण्यानं ठसका लागतो, कारण पातळ द्रव घशात वेगानं उतरतो आणि श्वासनलिका वेळेवर झाकली जात नाही. पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. घोट घेतल्यावर आवाज ओला, घरघरता येणं, वारंवार ताप, जेवणाला पाऊण-एक तास लागणं, ही लक्षणं असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट यांना दाखवा. त्रास एकाएकी सुरू झाला असेल आणि तोंड वाकडं, जीभ जड असेल, तर तो पक्षाघात समजून लगेच रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

तोपर्यंत घरी एवढं करा. खुर्चीत ताठ बसवा, पाय जमिनीला टेकलेले. तांब्या-भांडं वर धरून तोंडात पाणी ओतायची सवय असेल तर ती आधी सोडवा. मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडते. गोळी घेतानाही तेच. मान मागे टाकून गोळी गिळू नये. चमच्यानं किंवा लहान घोटानं, एक गिळून झाल्यावर दुसरा. त्या वेळी बोलणं नाही, टीव्ही बंद. जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

पदार्थ एकजीव असावा. दुधात पोहे, पातळ आमटीत भाताची शितं, चहात बुडवलेला टोस्ट यांत घास आणि पाणी तोंडात वेगवेगळं होतं आणि पाणी आधी घशात जातं. भाकरी कुस्करायची तर आमटी पूर्ण मुरू द्या, कडेला सुटं पाणी दिसता कामा नये. चिवडा, शेव, कुरमुरे, शेंगदाणे अख्खे देऊ नका. घट्ट ताक, दाट पेज, घोटलेली मुगाची खिचडी सहसा चालते. पाणी दाट करायची पावडर मिळते, पण दाट पाणी माणसं कमी पितात, म्हणून लघवीचा रंग गडद होत नाही ना, हे बघत राहा. रात्री झोपण्यापूर्वी दात आणि जीभ स्वच्छ करून द्या. तोंडातले जंतू कमी असले की न्यूमोनियाचा धोका घटतो. गोळी कुटून देण्याआधी औषधवाल्याला विचारा, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर एकदम अंगात भिनतात.

प्रश्न : आजोबा ७४, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतात. आषाढी एकादशीला निर्जळी उपवास करतात. ऐकत नाहीत.

श्रद्धा मोडायला सांगू नका, उपवासाचं रूप बदलायला सांगा. निर्जळी मात्र नकोच. ग्लिमेपिराइड पोटात काही नसतानाही साखर खाली ओढतं. त्या दिवशी त्याची मात्रा किती घ्यायची, हे आठवडाभर आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. मधुमेहाचीच डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असेल तर तेही सांगा.

साबुदाण्यात जवळपास निव्वळ पिष्ट. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, दही, दूध, असं दर तीन-चार तासांनी थोडं थोडं. भगरीचं सुटं पीठ विकत आणू नका. ओल लागलेल्या पिठातून विषबाधा झाल्याचे प्रकार आपल्याकडे घडले आहेत. भगर निवडून, धुऊन घरीच दळा.

म्हातारपणी साखर उतरली की घाम-थरथर होईलच असं नाही. चिडचिड, गोंधळ, गप्प बसणं एवढंच दिसतं. ७० च्या खाली आकडा आला की तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात द्या, १५ मिनिटांनी परत तपासा, नंतर खायला द्या. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या रात्री एकटं झोपू देऊ नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका.

थोडक्यात उत्तरं

*व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी (नाशिक) :* नेहमीची पद्धत आठ आठवडे आठवड्याला एक, मग महिन्याला एक. दोन वर्षं दर आठवड्याला घेत असाल तर थांबवा आणि रक्तातलं कॅल्शियम तपासा. जास्त झाल्यास बद्धकोष्ठ, तहान, मळमळ, गोंधळ होतो. पुडी दुधातून किंवा जेवणानंतर घ्यावी.

*थायरॉइडची गोळी आणि चहा (मडगाव) :* उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी अर्धा ते एक तास. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. लोह आणि कॅल्शियमही एका वेळी घेऊ नका.

*रक्त पातळ करायची गोळी आणि पालेभाज्या (कोल्हापूर) :* वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमॅरॉल असेल तर पालेभाजी बंद करायची नाही, तिचं प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवायचं. महिनाभर काही नाही आणि एकदम रोज मेथी-पालक, यानं आयएनआर (रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा) बिघडतो.

*इसबगोल घेऊनही पोट साफ नाही (बेळगाव) :* पाणी कमी पडत असणार. एक-दोन चमच्यांना भरलेला पेला पाणी आणि वर आणखी एक पेला. कमी पाण्यात तो आतड्यात घट्ट होऊन अडकतो. इतर औषधांपासून दोन तास लांब घ्या. घेऊन लगेच आडवं होऊ नका, आणि गिळायला त्रास असणाऱ्यांना देऊच नका. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर इसबगोल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.